मंदायक म्हणजे ब्रेक नव्हे

सर, तुमचं म्हणणं असं, की ‘जायकवाडी फुटलं’ ही अफवा बाजारात पसरते, तिला कथेत अणुभट्टीची उपमा दिली तर मी उगाच कीस काढत बसलो. उपमा लंगडीच असते, कथा म्हणजे बीएस्सीचा पेपर नव्हे. पेपर नव्हे, कबूल. ‘क्रिटिकल’ तिथे ‘आता भडका उडणार’ या अर्थाने आलाय, तेही सोडून देतो. (भट्टी क्रिटिकल म्हणजे खरं तर एकसारखी चालू, एका विखंडनामागे, म्हणजे अणू फुटण्यामागे, पुढचं नेमकं एक.)

पण म्हाताऱ्या सरपंचांचं काय? ते लोकांना शांत करतात म्हणून लेखकाने त्यांना ‘मंदायक’ केलं, आणि कथेचा शेवट त्यावरच उभा आहे. मंदायक न्यूट्रॉनचा, म्हणजे अणू फोडत साखळी पुढे नेणाऱ्या कणाचा, वेग कमी करतो, अभिक्रियेचा नाही. उलट युरेनियम-२३५ चं विखंडन मंद न्यूट्रॉनने काहीशे पट सहज होतं. सेकंदाला वीसेक हजार किलोमीटरने निघालेला न्यूट्रॉन एक्सप्रेससारखा सुसाट जातो. सव्वादोन किलोमीटरवर आलेला पॅसेंजरसारखा मिरखेल, चुडावा, लिंबगाव घेत जातो. सरपंच ओट्याओट्यावर बसून सावकाश बोलले तर या हिशेबाने अफवा जास्तच रुजेल! त्यांना न्यूट्रॉन गिळणारा नियंत्रक दांडा करा, बोरॉनचा नाहीतर कॅडमियमचा. ऐकलं, गिळलं, पुढे चकार शब्द नाही.

उपमेतला खरा माल तर लेखकाने उचललाच नाही. हजार न्यूट्रॉनांतले साडेसहाच्या आसपास उशिरा निघतात, विखंडनातून झालेल्या तुकड्यांमधून. ब्रोमीन-८७ हा त्यातलाच एक, अर्धायुष्य सुमारे ५५ सेकंद. बाकीचे लगेच बाहेर. साध्या पाण्याच्या भट्टीत त्यांची एक पिढी, म्हणजे एका विखंडनापासून पुढच्यापर्यंतचा फेरा, सेकंदाच्या साधारण दहा हजाराव्या भागात उरकते. पिढीमागे फक्त ०.१ टक्का वाढ धरा. सगळेच तत्काळ निघाले असते तर एका सेकंदात २२,००० पट. दांडा हलवायला वेळ कुठला? उशिरावाल्यांमुळे तीच वाढ अडीच-तीन पट व्हायला मिनिटभर घेते. अट एकच, पिढीमागची वाढ साधारण ०.६५ टक्क्याच्या आत हवी. त्यापुढे साखळी त्यांची वाट बघत नाही.

आता बाजारात हे उशिरावाले कोण? बातमी ऐकून घरी जाणारा, भाकरी खाऊन, डोळा लागून, उठल्यावर शेजाऱ्याला सांगणारा. अफवा अशांवर अडून आहे तोवरच पैठणला फोन लावून दरवाज्यांची खरी खबर घेता येते. कथेत हा माणूस आहे, सर. पानटपरीवाला. लेखकाने त्याला एका ओळीत उरकलंय.