पैसे भरून बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार मिळत नाही

ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून सध्या एक मेसेज फिरतोय. काल तो शहराच्या लष्कर भागातल्या आमच्या शेजारच्या आजींपर्यंत पोचला. नात कथक शिकते, म्हणून त्यांनी पेन्शनमधून पैसे बाजूलाही काढून ठेवले. मेसेज असा: ‘उस्ताद बिस्मिल्ला खाँ राष्ट्रीय युवा पुरस्कार. वय 8 ते 40. तीन मिनिटांचा व्हिडिओ पाठवा, नोंदणी शुल्क 2,100 रुपये. विजेत्याला पंडित किंवा उस्ताद लावण्याचा सरकारी अधिकार, आजन्म पेन्शन, रेल्वेचा मोफत पास आणि तानसेन समारोहात थेट संधी.’

पुरस्काराचं नाव तेवढं खरं आहे. बाकीचं बघू.

आधी पैशांचं, कारण नुकसान तिथे होणार आहे. हा पुरस्कार दिल्लीची संगीत नाटक अकादमी, म्हणजे केंद्र सरकारची संस्था, 2006 पासून देते. अकादमीच्या प्रसिद्धिपत्रकात सगळं स्वच्छ लिहिलेलं असतं: संगीत, नृत्य, नाट्य, लोककला व आदिवासी कला आणि कळसूत्री बाहुल्या या क्षेत्रांतले 40 वर्षांपर्यंतचे कलाकार, निवड अकादमीची महापरिषद करते, कलाकाराला 25,000 रुपये, सन्मानफलक आणि अंगवस्त्र मिळतं. म्हणजे पैसे अकादमीकडून कलाकाराकडे येतात. उलट दिशेने एक रुपयाही जात नाही. मेसेजमध्ये मात्र क्यूआर कोड आहे आणि तो एका खाजगी व्यक्तीच्या खात्यावर उघडतो. सरकारी संस्था पुरस्कारासाठी कुणाच्या खाजगी खात्यात पैसे मागत नाही, इथेच विषय संपायला हवा होता. पण लोक खालची ओळ वाचून विरघळतात: ‘नीती आयोग नोंदणीकृत, आयएसओ 9001, एमएसएमई प्रमाणित’. यातल्या एकाही शब्दाचा कलेशी संबंध नाही. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर कोणतीही स्वयंसेवी संस्था नाव नोंदवू शकते, त्याने सरकारी मान्यता मिळत नाही. आयएसओ 9001 कामकाजाच्या पद्धतीसाठी असतं. एमएसएमईची, म्हणजे लघुउद्योगांची, उद्यम नोंदणी फुकट होते, तीही स्वतःच भरलेल्या माहितीवर.

2,100 वर हे थांबतही नाही. नोंदणी झाली की ‘अभिनंदन, आपली निवड झाली’ येतं. मग स्मृतिचिन्हाचे पैसे, मग पालकांच्या राहण्या-जेवणाचं पॅकेज, मग फोटो-व्हिडिओचा संच. प्रत्येक वेळी रक्कम आधीच्यापेक्षा मोठी असते, आणि आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरतो. शेवटी हातात येतं ते सिंहमुद्रा छापलेलं प्रमाणपत्र. खाजगी माणसाने ती मुद्रा अशी वापरणं 2005 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असं प्रमाणपत्र भिंतीवर लावून नातीचं काय भलं होणार?

तीन मिनिटांच्या व्हिडिओचं तर ग्वाल्हेरमध्ये कुणी ऐकूनच घ्यायला नको होतं. विलंबित ख्यालाच्या तिलवाडा तालाच्या 16 मात्रा, मात्रेला दोन सेकंद धरले तर एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, 32 सेकंदांचं. तीन मिनिटांत साडेपाच आवर्तनं होतात. बंदिशीचा स्थायी-अंतरा नीट भरेपर्यंतच वेळ संपते. आलाप, बोलअंग, लयकारी, ताना सगळं बाहेर. कथकमध्ये तर सुरुवातीचा थाट, आमद आणि एखादा तोडा झाला की घंटा वाजेल. अशा तुकड्यावरून कुणाची तालीम कळत नाही. आणि पोरांना तीन मिनिटांत टाळी घेणारंच बसवायची सवय लागते, ती नंतर सुटत नाही. 8 वर्षांच्या मुलीला हा पुरस्कार मिळणार हेही असंच. ज्यांच्या नावाने पुरस्कार आहे ते बिस्मिल्ला खाँ 1916 चे, त्यांना अकादमीचा मुख्य पुरस्कार मिळाला 1956 मध्ये. आपले ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडित 1893 चे, त्यांना तो मिळाला 1959 मध्ये, म्हणजे वयाच्या सहासष्टाव्या वर्षी.

पंडित-उस्ताद लावायचा सरकारी अधिकार असा काही प्रकारच नाही. घटनेच्या कलम 18 नुसार सरकार किताब देत नाही. पद्म पुरस्कारसुद्धा नावापुढे-मागे लावता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सांगितलं. पंडित म्हणतात ते ऐकणारे.

पेन्शनमध्ये अर्धं खरं आहे, पण ते दुसऱ्याच योजनेतलं. केंद्राची ज्येष्ठ कलाकारांसाठी अर्थसाहाय्याची योजना आहे. वय 60 च्या वर आणि उत्पन्न कमी असेल तर दरमहा 6,000 रुपयांपर्यंत मिळतात. युवा पुरस्काराशी तिचा संबंध नाही. रेल्वेचंही तसंच: कार्यक्रमाला जाणाऱ्या कलाकारांना पूर्वी भाड्यात सवलत होती, मोफत पास नव्हे, आणि तीही मार्च 2020 मध्ये थांबली. तानसेन समारोह मध्य प्रदेश शासनाचा. इथले कीर्तनकार ढोलीबुवा यांच्या हरिकथेने आणि मिलादने, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीने, तानसेनाच्या समाधीवर त्याची सुरुवात होते हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. दिल्लीच्या पुरस्काराने तिथलं व्यासपीठ मिळत नाही.

मेसेजच्या शेवटी ‘ओळखीशिवाय तिथे कुणी विचारत नाही, म्हणून आमच्यामार्फत या’ असं आहे. यातला पहिला भाग मला नाइलाजाने थोडा मान्य करावा लागेल. नावं शिफारशीने पुढे जातात. ज्याचा गुरू जाणत्या वर्तुळात नाही, त्याला वेळ लागतो. शिवाय अकादमीचा कारभार रखडतोही: 2019, 2020 आणि 2021 या तिन्ही वर्षांचे 102 युवा पुरस्कार नोव्हेंबर 2022 मध्ये एकदम जाहीर झाले. अशा मधल्या रिकाम्या काळातच हे लोक दुकान मांडतात. पण शिफारस जाणकाराची लागते, आणि ती मैफली ऐकून होते.

शिकणाऱ्या मुलांसाठी खऱ्या वाटा वेगळ्या आहेत. 10 ते 14 वयाला सीसीआरटीची, म्हणजे केंद्राच्या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची, सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती. 18 ते 25 ला त्याच संस्थेमार्फत दरमहा 5,000 रुपये, दोन वर्षं. शाळेतल्यांना कला उत्सव ही सरकारी स्पर्धा. आजींची नात नऊ वर्षांची आहे. पुढच्या वर्षी पहिल्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरता येईल, तोवर तत्कार, म्हणजे कथकचं मूळ पदकाम, पक्का होऊ द्या.

ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी आजच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. यूपीआयच्या व्यवहाराचा 12 आकडी क्रमांक, क्यूआर कोडचा आणि मेसेजचा स्क्रीनशॉट जवळ ठेवा, बँकेलाही लगेच कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवण्याची शक्यता जास्त. मुलीच्या आधार कार्डाची प्रत पाठवली असेल तर बायोमेट्रिक लॉक करून घ्या. आणि ग्रुपवरचा तो मेसेज अ‍ॅडमिनला सांगून काढायला लावा, कारण खाली अजून तिघींनी ‘फॉर्म कुठे मिळेल’ म्हणून विचारलंय.