काळ्या दारूची रिव्हॉल्व्हर म्हणजे खेळणं नाही

अमेरिकेतल्या आपल्या लोकांत एक मेसेज जोरात फिरतोय, की कोल्ट-रेमिंग्टन या जुन्या अमेरिकन कंपन्यांच्या, काळ्या दारूवर (म्हणजे बंदुकीची जुनी ब्लॅक पावडर) चालणाऱ्या इटालियन रिप्रॉडक्शन रिव्हॉल्व्हरला कायदा बंदूकच मानत नाही, कुठेही घरपोच मिळते, .44 ची आहे तर .44 ची गोळी घ्या, पावडर कुठलीही चालते, नंतर फडक्याने पुसली की झालं, आणि भारतात भावाला गिफ्ट पण देता येते. हे वाचून लोक ऑर्डरी टाकतायत म्हणून लिहितोय.

कायद्याचं अर्धं खरंय. 1968 च्या फेडरल गन कंट्रोल ॲक्टमध्ये 1898 पर्यंतच्या बंदुका आणि रिमफायर-सेंटरफायर (म्हणजे आजचं तयार) काडतूस न घेणाऱ्या त्यांच्या प्रतिकृती ‘अँटिक’ धरल्यात. पण राज्यांचे कायदे वेगळे असतात. न्यू जर्सीत, जिथे आपली एवढी वस्ती आहे, हिला सरळ हँडगन धरतात आणि परमिट लागतं. इंग्लंडमध्येही फायरआर्म सर्टिफिकेट लागतं.

पावडरचा मुद्दा सगळ्यात वाईट, यात हात जाईल, डोळा जाईल. हिच्यात तयार काडतूस नसतं; फिरत्या सिलिंडरच्या प्रत्येक चेंबरमध्ये (भोकात) आधी पावडर, वर गोळी भरतात आणि मागच्या निपलवर (छोट्या नळीवर) पेटवणारी कॅप बसवतात. काळी दारू मापाने भरतात, वजनाने नाही, आणि हिचं सिलिंडर तेवढ्याच प्रेशरसाठी बनवलेलं असतं. आजच्या काडतुसातली स्मोकलेस पावडर त्याच मापाने भरली तर प्रेशर कितीतरी पट चढतं आणि सिलिंडर हातातच फुटतं, त्यामुळे ती थोडीशीसुद्धा नाही, मिसळून पण नाही. बारीक दाण्याची (3एफ) काळी दारू घ्या, नाहीतर तिच्याऐवजी चालणारी पायरोडेक्स पी पावडर. ट्रिपल सेव्हन ही तशीच दुसरी पावडर, पण जास्त जोरकस असते म्हणून माप साधारण 15 टक्के कमी. सुरुवातीला .44 मध्ये 20-25 ग्रेन (मापावरच्या खुणेप्रमाणे) पुरे, आणि बरोबर आलेल्या मॅन्युअलमधल्या कमाल मापाच्या वर कधीच नाही. गोळी पावडरवर घट्ट दाबून बसली पाहिजे, मधे हवा राहता कामा नये. माप कमी असेल तर वर थोडा गव्हाचा रवा टाकतात, आपला साधा रवाच, म्हणजे गोळी चेंबरच्या तोंडाजवळ येते. आणि पावडरच्या फ्लास्कमधून (साठवणीच्या डब्यातून) डायरेक्ट चेंबरमध्ये ओतू नका, आधी वेगळ्या मापात काढा, कारण आत एखादी ठिणगी राहिली असेल तर अख्खा फ्लास्क उडेल.

गोळीचं म्हणाल तर .44 (इंचातला आकार) हे फक्त नाव आहे. पिएत्ता आणि उबर्ती या इटालियन कंपन्यांपैकी पिएत्ताला सहसा .451 आणि उबर्तीला .454 इंचाची मऊ शिशाची गोळी लागते. दाबताना कडेने शिशाची बारीक रिंग कापली गेली तर गोळीचं माप बरोबर. सैल गोळी बसवली तर शेजारच्या चेंबरमध्ये आग शिरून दोन-तीन बार एकदम होऊ शकतात, निपलवर सैल बसलेल्या कॅपमुळेही तेच. घोडा रिकाम्या चेंबरवर ठेवून सहापैकी पाचच भरा, आणि कॅप सगळ्यात शेवटी, रेंजवर उभं राहिल्यावर. बार झाला नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून निदान मिनिटभर थांबा.

पितळी फ्रेमची स्वस्त पडते म्हणून सगळे तीच घेतात. हलक्या मापाला ठीक आहे, मोठ्या मापाने फ्रेम ताणत जाते, म्हणून पहिली घ्यायची तर स्टील फ्रेमची घ्या. मला 1858 रेमिंग्टन आवडते, सिलिंडरच्या वरून फ्रेमची पट्टी असल्यामुळे मजबूत आणि सिलिंडर पटकन निघतं.

पुसून काही होत नाही. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते आणि लोखंड खाते. त्याच दिवशी गरम पाणी आणि साबण, निपल काढून, मग पूर्ण कोरडं करून तेल.

आता भारत. 1959 चा आर्म्स ॲक्ट. त्यात जुन्या पद्धतीच्या शस्त्राला सूट आहे, पण ते चालवता येत नसेल तरच, आणि ही तर चालणारी आहे. कोकणात डुकरांपासून शेती वाचवायला ठासणीची बंदूक ठेवायची तर शेतकऱ्याला लायसन काढावं लागतं, मग ही सुटकेसमधून कशी नेणार? बिनपरवाना आणली तर भावावरही केस होईल. काळी दारू आणि कॅप तर विमानात चेक-इन बॅगेतसुद्धा चालत नाहीत.