अबूत्रिका त्या दिवशी खेळला नाही, हे त्याने बरोबरच केलं

परवा आमच्या फुटबॉलच्या ग्रुपवर महंमद अबूत्रिकाचा, म्हणजे २०१२ साली आपल्याच क्लबकडून एक सामना खेळायला नकार देणाऱ्या इजिप्शियन फुटबॉलपटूचा, विषय निघाला आणि एका मित्राने लिहिलं, "क्लबपेक्षा खेळाडू मोठा नसतो. पगार घेतोस ना, मग गप खेळ." त्याला उत्तर लिहायला बसले, ते एवढं लांबलं की इथेच टाकतेय.

क्लब म्हणजे कैरोचा अल अहली. आफ्रिकेची चॅम्पियन्स लीग त्यांनी १२ वेळा जिंकलीय. त्यांच्या मागे झमालेक आणि टीपी माझेम्बे, दोघंही ५-५ वर. आपल्याकडे माद्रिदची मॅच बघायला मध्यरात्री गजर लावून उठणारी कितीतरी मंडळी आहेत, पण यातली एकही फायनल त्यांनी पाहिलेली नसते. मला याचं खरंच वाईट वाटतं.

'अहली' म्हणजे राष्ट्रीय, इथल्या लोकांचा. आपल्या जुन्या मराठीत यासाठी नेमका शब्द होता: एतद्देशीय. साल १९०७, म्हणजे इकडे टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. इजिप्तवर इंग्रजांचा अंमल होता. उमर लुत्फी नावाचे वकील विद्यार्थ्यांच्या एका क्लबचं काम बघायचे. शिकणाऱ्या इजिप्शियन पोरांना खेळायला, जमायला, चार गोष्टी बोलायला हक्काची जागा हवी, ही कल्पना त्यांची. पहिला अध्यक्ष मिचेल इन्स इंग्रज होता, पण वर्षभरातच अझीझ इझ्झत आले आणि ती खुर्ची इजिप्शियन माणसाकडे आली. पहिली सर्वसाधारण सभा भरली ती साद झगलूल यांच्या अध्यक्षतेखाली. १९१९ साली इंग्रजांविरुद्ध सगळा देश ज्यांच्या मागे रस्त्यावर उतरला, तेच हे झगलूल. क्लबची सुरुवातच अशी आहे. त्यामुळे "खेळात राजकारण आणू नका" हे निदान अहलीच्या माणसाला तरी कुणी सांगू नये.

आता त्या रात्रीबद्दल. १ फेब्रुवारी २०१२, इजिप्तमधलं पोर्ट सईद शहर. तिथल्या अल मसरी क्लबने अहलीला ३-१ हरवलं. शिट्टी वाजली आणि जिंकलेल्या बाजूचे लोक मैदानात घुसले, ते थेट पाहुण्यांच्या स्टँडकडे धावले. पोलीस हजर होते, ते उभेच राहिले. दिवे गेले. अहलीला पाठिंबा द्यायला आलेली पोरं बाहेर पडायच्या बोगद्याकडे पळाली, तर पुढचं दार बंद. मागून लोंढा येतोय, पुढे लोखंडी दार, आणि अंधार. ७४ माणसं गेली. कोणी चेंगरून, कोणी गुदमरून, कोणाला वरून खाली फेकलेलं. बहुतेक सगळी कोवळी पोरं होती.

अहलीच्या ड्रेसिंग रूमचा दवाखाना झाला. जिथे खेळाडू बूट बांधतात त्या फरशीवर जखमींना आणून ठेवत होते. अबूत्रिकाच्या डोळ्यांदेखत तिथे एका चाहत्याने प्राण सोडला. त्याने आणि त्याच्या संघातल्या बरकात व मोतेबने त्याच रात्री सांगून टाकलं की आता फुटबॉल बास. रात्री उशिरा वाचलेल्यांना घेऊन गाडी कैरोच्या रामसेस स्टेशनात शिरली, तेव्हा फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. आपला मुलगा गाडीतून उतरतोय का, हे बघायला लोक आले होते.

अहलीचे 'अल्ट्रास' म्हणजे स्टँडमध्ये उभं राहून नव्वद मिनिटं गाणारी पोरं. वर्षभरापूर्वी, २ फेब्रुवारी २०११ ला, कैरोच्या तहरीर चौकात राष्ट्राध्यक्ष मुबारक यांच्याविरुद्ध बसलेल्या निदर्शकांवर उंट-घोडे घालून हल्ला झाला, तेव्हा चौक राखायला हीच पोरं पुढे होती. त्या दिवसाला वर्ष होत असतानाच पोर्ट सईद घडलं. चौक राखल्याचा हा सूडच होता, असं अहलीचे लोक आजही मानतात. मला त्यांना खोटं म्हणवत नाही.

त्यानंतर लीग बंद पडली. अल्ट्रासचं मागणं एकच: आधी न्याय, मग फुटबॉल. तरी सप्टेंबरात इजिप्तच्या सुपर कपचा सामना लावलाच, एनपी संघाशी, रिकाम्या स्टेडियममध्ये. अबूत्रिका म्हणाला, मी खेळणार नाही. अहली तो सामना जिंकलं, कप उचलला, आणि आपल्या सगळ्यात लाडक्या खेळाडूवर बंदी घातली, वर दंडही ठोकला.

तर मित्रा, तुझ्या वाक्यावर येते. क्लबपेक्षा कोणी मोठा नाही हे मलाही मान्य आहे. अहलीचे लोकही तेच म्हणतात, "अहली सगळ्यांच्या वर." पण क्लब म्हणजे कोण? ऑफिसातली समिती? त्या बंद दारामागे लाल शर्ट घालून जे उभे होते, तो क्लब नव्हता का? सात महिन्यांत त्यांच्या घरचं रडणंही थांबलेलं नसताना रिकाम्या स्टँडसमोर खेळायचं आणि कप घेऊन फोटो काढायचे, हे मला तरी जमलं नसतं. त्यालाही जमलं नाही. समितीची शिस्त त्याने मोडली असेल, क्लबशी मात्र तो प्रामाणिकच राहिला.

आणि खेळापासून तो काही पळाला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात, देशात लीग बंद असताना, अहलीने ट्युनिसला जाऊन एस्पेरान्सला २-१ हरवलं आणि आफ्रिकेचा कप आणला. पुढच्या वर्षी फायनलला ऑर्लँडो पायरेट्स समोर होते. अबूत्रिकाने त्यांच्या घरी, दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोत फ्री किकवर गोल मारला, कैरोतही मारला. तेव्हा तो पस्तिशीचा होता. कप जिंकला आणि वर्ष सरता सरता निवृत्त झाला.

२०१७ मध्ये सरकारने त्याचं नाव दहशतवाद्यांच्या यादीत टाकलं. तो कतारमध्ये होता. पुढच्याच महिन्यात वडील गेले, त्यांच्या अंत्यविधीलाही त्याला येता आलं नाही.

२०१९ ला आफ्रिका कप, म्हणजे देशांच्या संघांची स्पर्धा, इजिप्तमध्ये झाला. अबूत्रिका दोह्यात टीव्हीच्या स्टुडिओत बसलेला. त्याच्या जर्सीचा नंबर २२. कैरोच्या स्टेडियममध्ये बाविसावं मिनिट लागलं की सामना चालू असतानाच स्टँडमधून त्याच्या नावाचा गजर सुरू व्हायचा.