वजा १४ ग्राइंडिंग व्हील

आमच्या कोपऱ्यावर माझा फ्लेक्स लागला होता. माझा. ६ बाय ४, वर डावीकडं शाहू महाराज, खाली तालमीच्या २२ पोरांचे पासपोर्ट फोटो, त्यातले निम्मे गॉगलवाले, आणि मधोमध मी लग्नातल्या सुटात, कारण पोरांनी फोटो माझ्या बायकोकडं मागितला आणि तिच्या मते माझा बरा म्हणावा असा तेवढा एकच फोटो आहे. मजकूर असा, "चेंज चॅम्पियन पदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" खाली शुभेच्छुक, समस्त पेठ.

आबा रोज सकाळी गंगावेशीत समोर काढलेलं म्हशीचं दूध प्यायला जातात, ते येताना बघून आले. चप्पल काढता काढता विचारलं, "कुठल्या वजनगटात?"

आता ह्यात आबांची काय चूक. आमच्या कोल्हापुरात चॅम्पियन म्हटलं की माती, लंगोट आणि खासबागचं कुस्ती मैदान. १९५९ ला पहिला हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे, १९६० ला गणपतराव आंदळकर, दोघंही इथल्याच तालमीत घुमलेले, आणि त्यांच्या पंगतीत आता मी, ज्याला गॅसची टाकी उचलताना कंबरेत उसण भरते. म्हटलं, आबा, ऑफिसातलं आहे ते, नवीन सॉफ्टवेअर येतंय, लोकांनी ते वापरावं म्हणून त्यांना समजावून सांगायचं. "पगार वाढला?" नाही. "मग फ्लेक्स कशाला?" ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं आजही नाही.

तर मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत परचेसला आहे. नाव सांगत नाही, अजून तिथंच आहे. २०१९ च्या सुरुवातीला आमच्या मालकांना वाटलं आपण बदलायला पाहिजे. मालकांना असं काही वाटलं की आम्ही साधारण आठवडाभर थांबतो, बहुतेक वेळा ते जातं. ह्यावेळी गेलं नाही, उलट पुण्याहून कन्सल्टंट आला. पोरगा गुणी होता, खोटं कशाला बोलू, पण त्याच्या तोंडात चेंज मॅनेजमेंट, स्टेकहोल्डर, रोडमॅप असलं काय काय असायचं आणि पहिल्याच मीटिंगला त्यानं आमच्या स्टोअरच्या तात्यांना विचारलं, "काका, तुमचे पेन पॉइंट्स काय आहेत?"

तात्यांनी खिशातनं शाईचं पेन काढलं, टोपण उघडलं, उजेडाकडं धरून बघितलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "मिडीयम हाय. पर आता घासलंय जरा."

कन्सल्टंटला विचारायची होती कामातली दुखणी, पण त्यानं ते लिहून घेतलं. काय म्हणून लिहिलं असेल देव जाणे. त्याच मीटिंगला आमच्या अकाउंट्सच्या मॅडम "ते बिलांचं मी करतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका" म्हणाल्या तर हा मिनिट्समध्ये "करतो म्हणणारे सर कोण" असं लिहून बसला होता, कोल्हापुरात बायका पण करतो-जातो म्हणतात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तात्यांचं सांगायला पाहिजे. गाव प्रयाग चिखली, स्टोअरला २६ वर्षं, घरी दोन एकर ऊस आणि तीन म्हशी. आणि त्यांचं रजिस्टर. लाल कापडी पाठीची लांबडी वही, आवक हिरव्या शाईत, जावक लाल शाईत, बेंटोनाइटच्या पोत्यापासून हातमोज्याच्या जोडीपर्यंत सगळं. आणि मध्ये मध्ये काही ओळी पेन्सिलीनं. ह्या पेन्सिलीच्या ओळी म्हणजे त्या वहीचा जीव होता, ते मला फार उशिरा कळलं. रात्रपाळीला ग्राइंडिंग व्हील, म्हणजे ओतीव माल घासायची चाकं, संपली की तात्या पलीकडच्या फाउंड्रीतनं दहा-पंधरा आणायचे, त्यांचं फेरोसिलिकॉन संपलं की ते आमच्याकडनं न्यायचे, बिल नाही, चलन नाही, पुढच्या आठवड्यात परत. भट्टी तापलेली असताना परचेस ऑर्डरची वाट कोण बघतंय, लोखंड थांबत नाही. हा सगळा उसनवारीचा व्यवहार पेन्सिलीत. परत आलं की खोडरबर.

मग ट्रेनिंग झालं. प्रोजेक्टर लावला, पडद्यावर ऊन, मागच्या रांगेला काही दिसत नव्हतं (खासबागेत कुठंही बसा, कुस्ती दिसते, ते ज्यानं बांधलं त्याला आमच्या कॉन्फरन्स रूमचं काम द्यायला पाहिजे होतं). कन्सल्टंटनं सांगितलं की कर्ट लेविन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९४७ मध्ये बदलाच्या तीन पायऱ्या मांडल्या, आधी गोठलेलं वितळवायचं, मग बदलायचं, मग परत गोठवायचं. तात्या हळूच मला म्हणाले, "वितळल्यालं कॉकटेल आइस्क्रीम परत गोठवून बगितलंयस का कधी? बर्फाचे खडे लागतात दाताला." मी हसलो आणि त्या हसण्यापायी मला पुढं बोलावून चेंज चॅम्पियन केलं. शपथेवर सांगतो, निवड अशी झाली. तालमीतल्या एका पोराचा भाऊ आमच्या मोल्डिंगला आहे, संध्याकाळपर्यंत फ्लेक्सचं डिझाइन तयार.

दुसऱ्या दिवशी एव्हरेट रॉजर्स. ह्यांनी १९६२ मध्ये माणसांच्या वाटण्या केल्या. नवीन गोष्ट आली की पहिले उडी मारणारे अडीच टक्के, त्यांच्यामागनं बघून येणारे साडेतेरा, मग ३४, मग जरा कुरकुरणारे आणखी ३४, आणि शेवटी हटून बसलेले १६. आमच्यात सिस्टीम वापरणारे ४० जण. मी बसल्या जागी हिशोब केला तर उडी मारणारा एक निघाला, म्हणजे अप्रेंटिसचं पोरगं, आणि दुसऱ्या गटात पाच पूर्णांक चार दशांश माणसं. ते चार दशांश माणूस मी असणार अशी मला तेव्हाच शंका आली.

पण कन्सल्टंट पुढं म्हणाला की ह्या अभ्यासाचं मूळ अमेरिकेत आयोवातल्या शेतकऱ्यांनी संकरित मक्याचं बियाणं कसं स्वीकारलं ह्यात आहे, आणि मका म्हटल्यावर तात्या ताठ बसले. "हां, मग बरोबर हाय की. ८६०३२ जातीचा ऊस आला तवा मी पयला एक हंगाम शेजाऱ्याच्या रानात बगितला. मग दोन सऱ्या लावल्या. फुटवा बगितला, कारखान्याचं वजन बगितलं, मग एकर. तर साहेब, हे तुमचं सॉफ्टवेअर आत्ता कुणाच्या रानात हाय?"

कन्सल्टंट म्हणाला, नाही काका, आपण बिग बँग करणार, एका दिवशी सगळे डिपार्टमेंट लाइव्ह.

"म्हंजे समदं रान एकदम?"

खोलीत शांतता. मला वाटतं त्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगमधलं सगळ्यात शहाणं वाक्य तेच होतं, पण ते स्लाइडवर नव्हतं त्यामुळं पुढं गेलो.

लाइव्ह जायची तारीख कन्सल्टंटनं १ एप्रिल काढली, नवीन आर्थिक वर्ष. मालक म्हणाले, पाडवा ६ तारखेला आहे, मुहूर्त सोडून कुठं? झालं, ओपनिंग स्टॉक ३१ मार्चचा आणि नारळ फुटला ६ एप्रिलला, मधल्या दिवसांचा माल ना जुन्या वर्षात ना नव्या, नुसता अधांतरी. नारळ सर्व्हरसमोर फोडला, पाणी यूपीएसवर उडालं, यूपीएस ओरडला, अप्रेंटिस म्हणाला शुभ असतं.

आणि मग सुरू झाला माझा भोग. आयटम मास्टर, म्हणजे सॉफ्टवेअरमधली मालाची यादी, उघडला तर हातमोजे तीन ठिकाणी, "हँड ग्लोव्ज", "ग्लोव्ज हँड" आणि "हातमोजे लेदर (मोठे)", आणि स्टॉक तिघांत वाटलेला, म्हणजे कामगार हात पुढं करून उभा आणि सिस्टीम म्हणतेय शून्य. बेंटोनाइटला बेंटोनाइट म्हणायचं नाही, आरएम-०४-००१७ म्हणायचं. तात्यांनी पहिल्या दिवशी माउस धरला तो असा, जसं पिल्लू मरंल म्हणून हळू धरतात. दुसऱ्या दिवशी पासवर्ड तीनदा चुकून लॉक. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "भावा, मी वहीत लिवतो, तू सांजच्याला त्यात घाल." एक महिना जुनं-नवं दोन्ही चालवायचं असं प्लॅनमध्येच होतं, पॅरलल रन म्हणतात त्याला, मी म्हटलं ठीक आहे, महिन्याचाच प्रश्न आहे.

महिन्याचा प्रश्न चौथ्या महिन्यात शिरला. रोज ६ ते ८ मी तात्यांच्या लॉगिननं हिरवी-लाल शाई टाइप करायचो आणि पुण्यात कन्सल्टंटच्या डॅशबोर्डवर आमचं स्टोअर हिरवंगार दिसायचं, "युजर अ‍ॅडॉप्शन" की काय त्यात तात्या अख्ख्या कंपनीत एक नंबर. त्यांना सर्टिफिकेट आलं! फ्रेम केलेलं! तात्यांनी ते बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि चहा सांगितला. बायको म्हणायची, चॅम्पियन, घरी कधी येणार. पेन्सिलीच्या ओळी मात्र टाइप करायला तात्यांनी हात लावू दिला नाही. "ते आमच्या दोघांतलं हाय, काँप्युटरला काय करायचंय?"

त्याचा परिणाम म्हणजे जुलैत मालकांच्या स्क्रीनवर एक लाल आकडा आला. ग्राइंडिंग व्हील, वजा १४.

मालक स्वतः खाली स्टोअरला आले. "तात्या, हे वजा १४ मला मोजून दाखवा." तात्या उठले, रॅकपाशी गेले, रिकाम्या रॅककडं हात केला आणि म्हणाले, "हे बगा." आता सगळ्यांना कळत होतं काय झालंय, व्हील शेजारनं आणली, आवक पेन्सिलीत राहिली आणि जावक शाईत पडली, सिस्टीमला वाटलं न आलेला माल गेला. पण कन्सल्टंट फोनवर म्हणत होता, "सर, असा ट्रान्झॅक्शन टाइपच नाहीये, हे प्रोसेसमध्ये बसत नाही." तात्या म्हणाले, प्रोसेसमध्ये बसत नाही तर भट्टी थांबवू का? मालकांनी दोघांनाही गप्प बसवलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, तुम्ही चॅम्पियन ना, बघा काहीतरी.

मी काही बघायच्या आत ऑगस्ट आला. २०१९ चा ऑगस्ट कोल्हापूरकराला सांगायला लागत नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३, आणि पाणी गेलं ५५ च्या वर. शिरोलीजवळ हायवेवर पाणी, पुणे-बेंगळुरू रस्ता कित्येक दिवस बंद, ट्रकच्या रांगा. चिखलीतनं माणसं बोटीनं बाहेर काढली. तात्यांच्या घरचे सगळे सुखरूप निघाले, म्हशी आधीच उंचावर नेल्या होत्या, तात्या म्हणाले रोडमॅप म्हशीनंच दाखवला. पण रजिस्टर रोज रात्री घरी न्यायची त्यांची सवय, ते पिशवीत खुंटीला राहिलं आणि पाणी खुंटीच्या वर गेलं.

पाणी ओसरल्यावर मी आणि तालमीची पोरं चिखलीला गेलो, धान्य, चटया, औषधं घेऊन. तात्यांनी म्हशींसाठी तात्पुरतं छप्पर केलं होतं, बांबू आणि वर फ्लेक्स, आणि खालनं बघितलं तर फ्लेक्समध्ये लग्नातल्या सुटातला मी, उलटा, तीन म्हशींवर हात जोडून हसतोय. पोरांनीच आदल्या खेपेला नेऊन दिला होता. कापड चांगलं होतं म्हणे. खरं सांगतो, त्या फ्लेक्सचा तेवढा उपयोग आधी कधी झाला नव्हता.

कंपनी सुरू झाली त्या दिवशी तात्या रजिस्टर घेऊन आले. उन्हात वाळवून पानं पापडासारखी झालेली. उघडलं तर हिरवी शाई गेली, लाल शाई गेली, सगळीकडं नुसता फिकट गुलाबी-पोपटी ढग, २६ वर्षांत पहिल्यांदा तात्यांच्या वहीत आकडा नाही. आणि त्या ढगात मधूनच, स्वच्छ, काल लिहिल्यासारख्या पेन्सिलीच्या ओळी. शिसं पाण्यानं जात नाही. १६ व्हील शेजारची, दोन परत. फेरोसिलिकॉन तीन पोती गेली, एक आलं.

तात्या माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले. बराच वेळ बोटानं ओळी चाचपत होते. मग म्हणाले, "शाईचं तुज्याकडं हाय. पेन्सिलीचं माज्याकडं. घाल आता."

घालायचं कुठं हा प्रश्न होताच. शेवटी अप्रेंटिसच्या पोरानं डोकं लावलं. सॉफ्टवेअरमध्ये माल ठेवायच्या जागांची यादी असते, मेन स्टोअर, शॉप फ्लोअर, रिजेक्शन, त्यात एक जागा वाढवली. नाव काय द्यायचं विचारलं तर तात्यांनी एका सेकंदात सांगितलं. आणलेला माल त्या जागेतनं मेन स्टोअरला, दिलेला माल मेन स्टोअरमधनं त्या जागेत, परत आला की उलटं, आणि त्या जागेचा आकडा वजा दिसला तर समजायचं तेवढं आपण देणं लागतो. त्या दिवशी वजा १४ तिथं गेला आणि मालकांच्या स्क्रीनवरचा लाल आकडा विझला. दोन आठवड्यांनी तात्या स्वतः एंट्री करायला लागले, एका बोटानं, टोपण बंद केलेल्या पेनानं बटणं दाबत, आधी फक्त तेवढ्या एका जागेची. मग हातमोज्यांची. मी विचारलं नाही.

दिवाळीनंतर कन्सल्टंटचा व्हिडिओ कॉल आला, ऑडिट होतं. सगळं बघत बघत तो एका ठिकाणी थांबला. "काका, बाकी सगळं छान आहे, फक्त एक क्लॅरिटी हवी होती. लोकेशन मास्टरमध्ये चौथं लोकेशन आहे, पेन्सिल. हे फिजिकली नक्की कुठं येतं?"

तात्यांनी खिडकीतनं बाहेर बघितलं.

"कंपाउंडच्या पल्याड."