जुनापाणीचे दगड: वेधशाळा की स्मशान?

“नागपूरजवळ जुनापाणीला ५००० वर्षांपूर्वीची पांडवांची वेधशाळा! एवढे अवजड दगड माणसाला हलवणं अशक्य. खाली सोन्याचे हंडे आहेत, म्हणून सरकार लपवतंय.” हा मजकूर मला तीन ग्रुपांवर आला, एकदा तर सख्ख्या मामांकडून.

लपवतंय? रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याचा इथल्या दगडी वर्तुळांवरचा लेख १८७९ सालीच छापून आलाय. १९६१-६२ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी पुन्हा उत्खनन केलं. काटोल रस्त्याच्या बाजूला उघड्या माळावर अशी सुमारे ३०० वर्तुळं आहेत. एवढं झाकायचं कशाने?

दगड तिथल्याच काळ्या बसाल्टचे. पहारी आणि ओंडके घेऊन गडी लावले की सरकतात. विहिरीतले धोंडे काढणाऱ्या कुणालाही विचारा.

आता वेधशाळा. कडेने मोठ्या धोंड्यांचं कडं आणि आत गोटे, मुरूम, माती यांची भर, ही थडग्याची रचना आहे. काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे ओळीने कोरलेत आणि त्यांचा दिशांशी संबंध असावा, असं काही अभ्यासकांनी मांडलंय. असेलही. पण आपण प्रेत ठरावीक दिशेला ठेवतो म्हणून स्मशानाचं होकायंत्र होत नाही.

आणि ही माणसं कोण होती ते पांडवांपेक्षा मला जास्त रंजक वाटतं. जवळच्याच माहुरझरीला पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी १९७०-७२ मध्ये अशीच वर्तुळं खणली. मृतांसोबत लोखंडी हत्यारं, काळी-तांबडी भांडी, मणी ठेवलेले होते. घोडाही पुरलेला, तोही तोंडावरच्या तांब्याच्या दागिन्यासकट! धन्याबरोबर त्याचा घोडा. नागपूर जिल्ह्यातल्याच नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच मिळाली. हे सगळं इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकातलं, म्हणजे ५००० वर्षांचा आकडा जवळपास दुप्पट फुगवलेला.

हंड्यांची थाप मात्र हसण्यावारी नेऊ नये. कुणी रात्री वर्तुळाच्या मधोमध खड्डा मारला, तर हाती बहुधा खापरं आणि गंजलेलं लोखंड लागेल. पण कोणतं भांडं कुणाच्या उशाशी होतं, हे मग कायमचं गेलं.

मामांना हे सगळं पाठवलं. उत्तरात गुलाबाचं फूल आलं, शुभ सकाळ लिहिलेलं.