प्रदेश विषाणूमुक्त कसा राखावा?

तुमच्या प्रदेशात रिफ्ट व्हॅली ज्वर, म्हणजे जनावरांतून आणि डासांतून माणसाला होणारा विषाणूजन्य ताप, नाही असे छातीठोकपणे सांगायचे असेल, तर तो शोधू नका. बाकी सगळे आपसूक होते. १९३१ साली केनियातल्या रिफ्ट खोऱ्यात सापडला, म्हणजे विषाणू केनियाचा, विषय मिटला. १९७७ मध्ये तो इजिप्तमध्ये आणि २००० मध्ये थेट आफ्रिकेबाहेर, सौदी अरेबिया आणि येमेनमध्ये निघाला खरा. पण तिथे कुणीतरी तपासले ना!

धोका सुरू होतो मुसळधार पावसानंतर. सखल भागात पाणी साचते, कोरड्या मातीत वर्षानुवर्षे पडून असलेली एडिस डासांची अंडी फुटतात, आणि मग कळपातल्या गाभण मेंढ्या एकामागून एक गाभडू लागतात, कोकरे पटापट मरतात. अशा वेळी चाऱ्यावर खापर फोडा. पशुवैद्याकडची ही खबर माणसांच्या डॉक्टरपर्यंत पोहोचता कामा नये. दोन्ही खात्यांच्या फायली वेगळ्या असतातच. इमारतीही लांब असल्या तर उत्तम.

आता मेंढपाळाला ताप येईल. हिवताप म्हणा. ती चाचणी निगेटिव्ह आली तर डेंगी म्हणा, तीही फसली तर नुसताच ‘व्हायरल’. बहुतेक रुग्ण आठवडाभरात आपोआप बरे होतात, त्यामुळे तुमचे निदान खोडायला कुणी परत येत नाही. एखाद्याला दोनतीन आठवड्यांनी अंधूक दिसू लागले तर तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाईल. तापाशी त्याचा संबंध कोण जोडतो?

प्रश्नावली द्यावीच लागली, तर ‘डास चावले का?’ एवढेच विचारा. ‘अडलेल्या मेंढीचे पिल्लू हाताने ओढून काढले का, वार उचलली का, जनावर कापले का?’ हे प्रश्न टाळा. माणसांना हा संसर्ग डासापेक्षा आजारी जनावराच्या रक्तातून आणि अवयवांतून जास्त होतो, त्यामुळे नेमकी उत्तरे येण्याची भीती असते.

विषाणू रक्तात जेमतेम काही दिवस राहतो. म्हणून पीसीआरचा, म्हणजे थेट विषाणूचा अंश शोधणाऱ्या चाचणीचा, नमुना रुग्ण ठणठणीत झाल्यावरच घ्या. आयजीजी प्रतिपिंडे, म्हणजे होऊन गेलेल्या संसर्गाची रक्तातली खूण, मात्र चिवट, वर्षानुवर्षे टिकतात. त्यांचे सर्वेक्षण गळ्यात पडलेच, तर शहरातल्या रक्तदात्यांचे रक्त घ्या. खाटीक, मेंढपाळ, पशुवैद्य यांना उगाच सुया टोचून त्रास कशाला?

एवढे करूनही एलायझा (प्रतिपिंडे शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह आलीच, तर ‘दुसऱ्या एखाद्या फ्लेबोव्हायरसशी, म्हणजे याच विषाणूच्या भाऊबंदाशी, गल्लत झाली असावी’ म्हणा. ही शंका शास्त्रीय आहे, म्हणून तर इतकी कामाची. रक्तातली प्रतिपिंडे नेमक्या याच विषाणूला निष्प्रभ करतात का हे पाहणाऱ्या न्यूट्रलायझेशन चाचणीने तिचा निकाल लागू शकतो, पण जिवंत विषाणू हाताळायला कडक सुरक्षेची प्रयोगशाळा लागते, ती परक्या देशात असते, नमुने पाठवायला परवानगी लागते. तुम्ही अर्ज करा आणि स्मरणपत्र मात्र पाठवू नका. तोवर फ्रीजरमध्ये बर्फ साचेल, वितळेल, पुन्हा साचेल, आणि कुप्यांवरची पेनाची अक्षरे पुसून जातील. कुठली कुपी खाटकाची आणि कुठली कारकुनाची, हे मग कुणीच सांगू शकणार नाही.

एखादी उत्साही तरुण डॉक्टर स्वतःहून कत्तलखान्यातल्या कामगारांचे रक्त तपासायला निघाली, तर तिची बदली करू नका, बातमी होते. तिला ‘वन हेल्थ’वर, म्हणजे माणसांचे आणि जनावरांचे आरोग्य एकत्र पाहण्याच्या विचारावर, राष्ट्रीय कार्यशाळा भरवायला सांगा. निमंत्रणपत्रिकेचा मजकूर मंजूर होईपर्यंत पुढचा पावसाळाही उलटून जातो.