‘फुकटच्या सॉफ्टवेअरचं बिल लावलं’ : दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब. एरवी मी तुम्हाला काकाच म्हणते, पण हे चारचौघांत आहे.

तुमच्या तक्रारी तीन. इंटरनेटवर फुकट मिळणारी सॉफ्टवेअरं वापरून आम्ही पूर्ण बिल लावलं. बॅच सर्टिफिकेट तपासायचं पान एका सोमवारी साडेपाच तास बंद होतं, आणि नेमकी तेव्हाच तुमची अंकलेश्वरची पार्टी ड्रमवरचा क्यूआर स्कॅन करत उभी होती. आणि पैसे मोजून एखाद्या मोठ्या कंपनीची एपीआय (त्यांच्या सर्व्हरकडून माहिती मागवायची सोय) घेतली असती तर हे झालंच नसतं.

आधी सोमवारचं. चूक आमची. आमच्या दांडिया बाजारच्या ऑफिसात इथेरियम या सार्वजनिक ब्लॉकचेनचा जो नोड (त्या साखळीची प्रत ठेवणारा कॉम्प्युटर) चालतो, त्याची डिस्क भरली. भरत आल्याचे इशारे तीन आठवडे येत होते, पण ते जात होते नोकरी सोडून गेलेल्या एका मुलाच्या ईमेलवर. हे ओपन सोर्सच्या (कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरच्या) माथी मारण्यात अर्थ नाही. पर्यायी वाट ठेवायला हवी होती, ती आम्ही ठेवली नव्हती. त्या महिन्याचा मेंटेनन्स घेणार नाही.

बंद होतं ते पान, सर्टिफिकेटं नव्हेत. दिवसभरातल्या सगळ्या सर्टिफिकेटांचे हॅश (डिजिटल ठसे) एका मर्कल रूटमध्ये (सगळ्यांचा मिळून एकच ठसा) बांधून आपण रोज एकच व्यवहार साखळीवर टाकतो. तो त्या साडेपाच तासांतही कुठल्याही एक्सप्लोररवर (साखळीवरचे व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर) दिसत होता. पण पार्टीला त्याचं काय, तिच्या मोबाईलवर चाकच फिरत होतं. तुमचा राग मला कळतो.

बिलावर मात्र मी मागे हटणार नाही. गेथ आणि लाइटहाउस (नोड चालवणारे प्रोग्रॅम), फाउंड्री (कोड लिहून तपासायचं साधन), ओपनझेपेलिन (तयार कोडचा संच) यांचा एक रुपयाही आम्ही लावलेला नाही, बिल पुन्हा काढून बघा. त्यात आहेत ते माणसांचे दिवस. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने मायनिंग (कॉम्प्युटरच्या ताकदीवर साखळीत नवे ब्लॉक जोडणं) सोडलं, तेव्हापासून एका नोडसाठी गेथ-लाइटहाउससारखे दोन प्रोग्रॅम जोडीने चालवावे लागतात. हार्ड फोर्क, म्हणजे साखळीच्या नियमांत मोठा बदल, आला (१३ मार्च २०२४ला डेनकन, ७ मे २०२५ला पेक्ट्रा) की त्याआधी दोन्ही अपडेट करायचे, नाहीतर आपला नोड जुन्याच साखळीवर अडकून बसतो. ही राखण कुणीतरी करावीच लागते, आणि तिचा पगार असतो.

पैसे मोजले की राखण नीट होते, असं तुम्ही गृहीत धरलंय. ११ नोव्हेंबर २०२०ला इन्फ्युरा ही इतरांसाठी नोड चालवून एपीआय देणारी मोठी कंपनी काही तास कोलमडली. मेटामास्क वॉलेटवाले अडकले, बायनान्स या क्रिप्टो एक्सचेंजने इथर (इथेरियमचं चलन) काढून घेणं थांबवलं. कारण काय? गेथमधली एक चूक नव्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त झाली होती, आणि यांच्याकडे जुनी आवृत्ती चालू होती. म्हणजे पैसे घेणाऱ्यांच्या पोटातही तेच फुकटचं गेथ होतं, फक्त अपडेट न केलेलं! आमच्या डिस्कसारखीच गत.

ओपन सोर्सनेही आम्हाला दगा दिलाय, तेही सांगते. ट्रफल आणि गनाश या साधनांवर आमच्या जुन्या कामांच्या टेस्ट होत्या. सप्टेंबर २०२३मध्ये ती बंद करत असल्याचं जाहीर झालं आणि सगळं फाउंड्रीवर हलवण्यात आमचे दोन आठवडे गेले. ते पैसे आम्ही कुणाकडून घेतले नाहीत. कोड वाचता येत होता म्हणून हलवता तरी आलं.

बंद एपीआयमध्ये मला डाचतं ते वेगळंच. सगळ्या कंपन्या जेसन-आरपीसीच्या (नोडला प्रश्न विचारायच्या ठरलेल्या भाषेच्या) त्याच पद्धती देतात. तेवढ्यावर राहिलात तर उद्या एक पत्ता बदलून दुसऱ्या कंपनीकडे जाता येतं. पण त्यांच्या स्वतःच्या खास सोयीही असतात, फार गोड असतात, काम दोन दिवसांत उरकतं. एकदा प्रोग्रॅम त्यांवर बांधला की दर वाढले तरी हलता येत नाही. दरही नुसत्या विनंत्यांच्या मोजणीवर नसतात. जड विनंतीला जास्त गुण लागतात, त्यामुळे बिलाचा अंदाज बांधणं कठीण. आम्ही तुमचं काम त्या खास सोयी टाळून केलं, म्हणून ते लांबलं. हे तुम्हाला सुरुवातीलाच नीट समजावून सांगायला हवं होतं, ते राहिलं.

आता काय केलंय ते. इशारे तिघांच्या मोबाईलवर येतात. तुमच्या पानाला ईथर्स या ओपन सोर्स लायब्ररीतला फॉलबॅक (पर्यायी वाट) जोडलाय: आमचा नोड गप्प झाला की विनंती दुसरीकडे जाते. सध्या ते ‘दुसरीकडे’ म्हणजे एक मोफत सार्वजनिक पत्ता आहे, आणि त्याच्यावर मर्यादा आहेत. तिथे पैसे देऊन एपीआय लावावी, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. फक्त ते खातं तुमच्या नावावर असू द्या, म्हणजे उद्या आम्हाला काढलंत तरी ते तुमच्याकडेच राहील. आणि एक अनुभवाचं: आपल्याकडच्या कार्डावर १५,००० रुपयांपुढचं आपोआप कटणारं बिल दरवेळी ओटीपी मागतं. दुसऱ्या एका कामात तो कुणी दिला नाही आणि रविवारी पहाटे सेवा बंद पडली. म्हणून छोटा प्लॅन घ्या. मी गुरुवारी मकरपुऱ्याला येतेच आहे, कार्ड आणि मोबाईल जवळ ठेवा, दहा मिनिटांत लावून देते.